नवें नाक आणि त्याची निगा

मराठी भाषेंत नाकाला जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवयवाला नाहीं. माणूस अब्रूनें वागला कीं त्याचें नाक वर राहतें. चुकला कीं तें कापलें जातें. शरण आला कीं त्याला नाक घासावें लागतें. डोळा गेलेल्या माणसाबद्दल जग हळहळतें, हात तुटलेल्यास आधार देतें. पण नाक गेलेला माणूस दिसला म्हणजे पाहणारा तोंड फिरवितो. जुन्या काळीं शत्रूचें किंवा गुन्हेगाराचें नाक कापीत, तें याचसाठीं. जीव घेतला तर दुःख एकदांच संपतें. चेहरा घेतला तर माणूस जिवंत राहूनही माणसांतून उठतो. मोडलेला, भाजलेला अथवा जन्मतःच दुभंगलेला चेहरा हें म्हणूनच नुसतें शरीराचें दुखणें नव्हे. लग्नकार्य, नोकरी, शाळा, बाजारहाट, या सर्वांच्या वाटेंत तें आडवें येतें.

असा चेहरा पुन्हां उभा करणाऱ्या विद्येस आज प्लास्टिक सर्जरी म्हणतात. या नांवानें पुष्कळांचा घोटाळा होतो. बादल्या आणि पिशव्या ज्याच्या होतात तें प्लास्टिक अंगांत बसवितात, अशी कित्येकांची समजूत असते. खरें पाहतां हा शब्द मूळ ग्रीक भाषेंतील असून त्याचा अर्थ घडविणें, आकार देणें असा आहे. कुंभार मातीला आकार देतो तसा शल्यवैद्य त्वचेला, स्नायूंना आणि हाडांना आकार देतो. आणि त्याची माती बहुतेक वेळां रुग्णाच्याच अंगावरची असते. या उपमेंत अतिशयोक्ति नाहीं. या विद्येच्या इतिहासांतील सर्वांत गाजलेलें नाक पुण्याजवळ घडलें, आणि तें घडविणारा मनुष्य विटा पाडणाऱ्या जातीचाच होता.

परंतु त्या नाकाची हकीकत ऐकण्यापूर्वीं थोडें मागें जावयास हवें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत तुटलेला कान आणि तुटलेलें नाक पुन्हां कसें करावें याचा विधि दिलेला आहे. नाकाच्या मापाचें एक पान घ्यावें. त्या मापानें गालावरील कातडें, एका बाजूस जोडलेलें ठेवून, सोलून घ्यावें. नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा, आणि त्यावर तें कातडें चपळाईनें बसवून नीट बांधावें. श्वासासाठीं दोन नळ्या घालाव्या. वर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांची पूड टाकावी, पांढऱ्या कापसानें झांकावें, आणि त्यावर तिळाचें तेल वरचेवर शिंपीत जावें. जोड भरून आल्यावर मग उरलेला सांधा कापावा. इतका बारकावा अनुभवावांचून लिहितां येत नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सुश्रुतानें शल्यकर्माचे तीन भाग मानले: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. शस्त्र चालविणें हा त्यांतील फक्त मधला भाग. आधींची तयारी आणि नंतरची निगा हीं दोन कर्में त्याच्या बरोबरीचीं गणलीं आहेत. व्रण झालेल्या माणसानें कसें राहावें यासाठीं तर त्यानें एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. घर स्वच्छ असावें, उन्हाचा आणि वाऱ्याचा त्रास नसावा, नखें व केस कापलेले असावे, वस्त्रें शुभ्र असावीं, दिवसा झोंपूं नये, आणि गोड बोलून मन रमविणारीं स्नेहाचीं माणसें जवळ असावीं, असें त्यांत सांगितलें आहे. पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म यांचें हें महत्त्व आजही तसूभर कमी झालेलें नाहीं. शल्यवैद्याचें काम कांहीं तासांत संपतें. रुग्णाचें आणि त्याच्या घरच्यांचें काम त्याआधीं महिनाभर सुरू होतें आणि नंतर वर्षभर चालतें.

आतां पुण्याची हकीकत. १७९० ते १७९२ या काळांत टिपू सुलतानाशीं इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचें युद्ध चाललें होतें. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक इसम टिपूच्या हातीं सांपडला. नांव पारशी वळणाचें वाटतें; पण इंग्रजी पत्रांत तो जातीनें मराठा शेतकरी असल्याचें लिहिलें आहे. टिपूच्या लोकांनीं त्याचें नाक आणि एक हात कापला. त्या अवस्थेंत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, आणि पुढें कंपनीनें त्याला निवृत्तिवेतन दिलें. सुमारें एक वर्ष तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याच्या नोकरींतील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. पेशव्यांच्या दरबारांतील मंडळींचीं चित्रें काढणारा जेम्स वेल्स याच सुमारास पुण्यास होता. त्यानें कावसजीचें चित्र काढलें. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकांत तें चित्र आणि क्रियेचें वर्णन प्रसिद्ध झालें.

तें वर्णन आजही वाचण्याजोगें आहे. कारागिरानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो उरलेल्या नाकावर बसविला आणि शोभेल असें नाक घडविलें. मग तें मेण सपाट करून कपाळावर ठेवलें आणि त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या आकाराचें कातडें त्यानें सोलून काढलें. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. जुन्या जखमेचा कठीण झालेला कांठ छाटून तो ओला केला, त्यामागें वरच्या ओठापर्यंत चीर घेतली, कपाळावरील कातडें अर्धा पीळ देऊन खालीं आणलें आणि त्याची कड त्या चिरेंत बसविली. टांका एकही घातला नाहीं. विड्यांत घालतात तो कात पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांना फांसला आणि तशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक बसविल्या.

दोन डोळ्यांमधील ती पट्टी हेंच या क्रियेचें सारें मर्म. आंब्याचें भेटकलम ज्यानें बांधलें आहे त्याला हें सांगावयास नको. कलमाची फांदी आईच्या झाडापासून लगेच तोडीत नाहींत. दोन्ही सालींचा जीव एक होईपर्यंत तिला मूळ झाडाचा रस मिळत राहावा लागतो. जोड धरल्यावरच कात्री चालवितात. कपाळावरील कातड्याचेंही तसेंच आहे. नव्या जागेंतील रक्तवाहिन्या त्यांत शिरेपर्यंत त्याला जुन्या जागेचें रक्त मिळालें पाहिजे.

पुढील दिवसांचा हिशोबही त्या पत्रांत आहे. चार दिवस काताच्या पट्ट्यांवांचून दुसरें कांहीं लावलें नाहीं. नंतर त्या काढून तुपांत भिजविलेलें कापड ठेवलें. पांच-सहा दिवस रुग्णास उताणें निजवून ठेवलें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या घड्या घातल्या. सुमारें पंचविसाव्या दिवशीं जोडपट्टी कापली आणि नाकाचा आकार थोडा आणखी सुधारला. म्हणजे शस्त्र चाललें तें घटका-दोन घटका. निगा मात्र पंचवीस दिवस. आजच्या सुसज्ज रुग्णालयांतही कपाळावरील कातड्यानें नाक करतात तेव्हां जोडपट्टी साधारणतः तीन आठवड्यांनींच कापतात. उपकरणें बदललीं, गुंगीचीं औषधें आलीं. शरीराला जीव धरावयास लागणारा काळ मात्र बदलला नाहीं.

हें पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याला हुरूप आला. त्यानें प्रेतांवर ही क्रिया करून पाहिली, आणि वीस वर्षें योग्य रुग्णाची वाट पाहून १८१४ सालीं प्रथम एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. दोन यशस्वी क्रियांची हकीकत त्यानें १८१६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, आणि तेथून 'हिंदी पद्धति' हें नांव युरोपभर झालें. पुण्याच्या कारागिराचें नांव मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं. कावसजीचें नांव राहिलें, पाहणाऱ्यांचें राहिलें, चित्रकाराचें राहिलें. ज्याच्या बोटांनीं तें नाक घडलें तो जातीच्या उल्लेखापुरताच उरला.

पुढें पहिल्या महायुद्धांत हॅरल्ड गिलीज यांनीं गोळ्यांनीं चेहरे उडालेल्या सैनिकांवर उपचार करून या विद्येस नवें रूप दिलें. त्यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनीं पुण्याजवळच्या कोंढव्यास कुष्ठरोग्यांचीं बसलेलीं नाकें उभीं केलीं आणि वांकडे झालेले हात सरळ केले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं या शास्त्राचा विभाग उभारला. नागपुरास डॉ. सी. बालकृष्णन यांनीं तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत तशीच परंपरा निर्माण केली. पुण्याहून विलायतेस गेलेली विद्या अशी फिरून महाराष्ट्रांत आली.

आज ती खेड्यांतील माणसाच्याही आवांक्यांत आली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापुरासारखें गांव घ्यावें. एके काळीं अशा गांवीं भाजलेल्या मुलाचा हात छातीला चिकटला तर तो नशिबाचा भोग समजून सोडून देत. आतां तेथून सुमारें पस्तीस किलोमीटरवर जिल्ह्याचें ठाणें आहे, लोणीस प्रवरेचें मोठें रुग्णालय आहे, छत्रपति संभाजीनगरास सरकारी घाटी रुग्णालय आहे. भाजल्यानंतरच्या आणि अवयवांच्या पुनर्रचनेच्या कित्येक शस्त्रक्रियांचा खर्च राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून भागतो. शिधापत्रिका आणि ओळखीचे कागद घेऊन रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे आधींच चौकशी केली म्हणजे ऐन वेळीं धांवपळ होत नाहीं. वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेनें कसें जावें हें मात्र अजून पुष्कळांस कळलेलें नाहीं.

पहिली तयारी अपघाताच्या क्षणींच सुरू होते. शिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरील काळ्या शिळेस भाविक तेल वाहतात. ती श्रद्धेची गोष्ट. पण भाजलेल्या अंगास तेल, तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये. भाजतांक्षणीं वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें, अंगठ्या-बांगड्या उतराव्या, स्वच्छ कापडानें जागा सैल झांकावी आणि रुग्णालय गांठावें. या वीस मिनिटांत जी त्वचा वांचते ती पुढें उसनी घ्यावी लागत नाहीं. कडबाकुट्टींत बोट तुटलें तर तें टाकून देऊं नये. स्वच्छ ओल्या कापडांत गुंडाळून पिशवींत घालावें, पिशवीचें तोंड घट्ट बांधावें, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवून रुग्णाबरोबरच न्यावी. बोट उघडें बर्फावर ठेवलें तर तें गोठून निकामी होतें. बोटाला पुन्हां जोडण्याची आशा कांहीं तासांचीच असते.

ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेस वेळ असतो, आणि तो वेळ वायां घालवूं नये. पहिलें काम मनाचें. ही विद्या जादू नव्हे. व्रणाची खूण ती पुसून टाकूं शकत नाहीं. ती अधिक फिकट, अधिक सपाट, किंवा कमी दिसेल अशा ठिकाणीं नेऊं शकते. एका जागेचें भरावयाचें तर दुसऱ्या जागेचें घ्यावें लागतें, आणि तेथेंही खूण राहते. म्हणून शल्यवैद्यास चार प्रश्न विचारण्यांत संकोच नसावा: काय सुधारेल, काय सुधारणार नाहीं, किती वेळां शस्त्रक्रिया लागेल, आणि बिघडलें तर पुढें काय? जो या प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें देतो त्याच्याच हातीं चेहरा द्यावा. केवळ रूप खुलविण्यासाठीं शस्त्रक्रिया करूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं तर आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें आपणांस हवें आहे कीं दुसऱ्या कोणाच्या टोमण्यासाठीं चाललें आहे? टोमणे मारणाऱ्याचें समाधान नवें नाक पाहूनही होत नाहीं.

दुसरें काम तंबाखूचें, आणि तें सर्वांत कठीण. विडी, सिगारेट, चुना लावून मळलेली तंबाखू, आणि बायका दांतांना लावतात ती मिश्री, हीं सर्व एकाच विषाचीं रूपें. तंबाखूंतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आंवळतें. ज्या कातड्याचा सारा जीव एका अरुंद पट्टींतून येणाऱ्या रक्तावर आहे त्याला एवढेंही आंवळणें सोसत नाहीं. तें काळें पडून मरतें. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं निदान चार आठवडे आणि नंतरही तितकाच काळ तंबाखू पूर्ण सोडावी लागते. मिश्रीला पुष्कळ घरांत व्यसन मानीतच नाहींत, त्यामुळें डॉक्टरांनीं विचारल्यावरही ती सांगितली जात नाहीं. विश्वासानें खरें सांगावें. खरें सांगितल्यानें शस्त्रक्रिया महिनाभर पुढें जाईल. लपविल्यानें ती फुकट जाऊं शकते.

तिसरें काम शरीर भरण्याचें. जखम भरावयास प्रथिनें लागतात, आणि रक्त कमी असेल तर ती रेंगाळते. डाळी, शेंगदाणे, दूध, अंडीं, पालेभाज्या यांचा आहार आधींपासूनच वाढवावा. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यांत आणावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, चूर्णें, जें कांहीं चालू असेल तें सर्व डॉक्टरांस दाखवावें. स्वतःच्या मनानें बंद करूं नये आणि लपवूंही नये. शस्त्रक्रियेच्या दिवशीं किती तास उपाशी राहावें हें भूल देणारे डॉक्टर सांगतात. साधारणतः अन्न सहा तास आणि साधें पाणी दोन तास आधीं बंद करतात. लेंकरूं उपाशी पाहून आजीचा जीव कळवळतो आणि ती हळूच बिस्किट देते. पण भुलेच्या वेळीं पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत गेलें तर प्राणावर बेततें. तेवढ्या वेळेपुरती माया आवरावी.

चौथें काम घराचें आणि हंगामाचें. ऊसतोडीच्या किंवा कांदा काढणीच्या दिवसांत मुख्य कर्ता मनुष्य शस्त्रक्रिया करून घेईल तर तो आठव्या दिवशींच शेतांत जाईल, हें निश्चित. म्हणून काम कमी असतील असे दिवस निवडावे, निदान तीन-चार आठवड्यांची सोय लावावी, आणि सोबत राहणारें माणूस आधींच ठरवावें. चेहऱ्याची शस्त्रक्रिया असेल तर डोक्यांतून न घालतां पुढून उघडणारे कपडे न्यावे. दागिने घरीं ठेवावे. गोठ्यापासून दूर, उजेडाची, सारवलेली वा पुसलेली एक जागा घरांत रिकामी करून ठेवावी.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे लोक म्हणतात, सुटलों. वस्तुतः त्याच क्षणीं पश्चात्कर्म सुरू होतें. मांडीवरची पातळ कातडी काढून भाजलेल्या जागीं लावली असेल तर तिची गत कांद्याच्या नुकत्या लावलेल्या रोपासारखी असते. पहिले दोन दिवस ती केवळ खालच्या ओलाव्यावर जगते. पांचव्या दिवसाच्या सुमारास तींत रक्त खेळूं लागतें. या काळांत रोप हललें तर मूळ धरीत नाहीं. म्हणून पट्टी, फळी वा प्लास्टर कितीही अडचणीचें वाटलें तरी सैल करूं नये आणि खाली काय झालें आहे हें पाहण्यासाठीं उचकटूं नये. चेहऱ्याची शस्त्रक्रिया असेल तर उशा देऊन डोकें उंच ठेवावें. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक असते. डोळे मिटण्याइतकी ती आली तरी भिऊं नये, ती उतरते.

भिण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या घरांतील प्रत्येकास पाठ असाव्या. बसविलेलें कातडें पांढरें फटक, निळसर किंवा काळें दिसूं लागलें, रक्त थांबेना, ताप आला, जखमेस दुर्गंधि सुटली, किंवा वेदना कमी होण्याऐवजीं वाढूं लागल्या, तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच रात्रीं रुग्णालयास कळवावें. कित्येकदां एखादा टांका वेळीं सैल केल्यानें सारें काम वांचतें.

शनिशिंगणापूरच्या घरांस दारें नसतात हें सर्वश्रुत आहे. भटकें कुत्रें शिरूं नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवितात; कडीकुलुपाचें नांव नाहीं. त्या गांवाची ही श्रद्धा आणि परस्परांवरील विश्वास यांचें कौतुक देशभर होतें. पण दार असलेल्या खेड्यांतही आजाऱ्याचें घर असेंच उघडें असतें. माणूस रुग्णालयांतून आला कीं सारें गांव समाचारास येतें. प्रत्येकजण खाटेवर बसतो, जखमेजवळ वांकून पाहतो, आणि आपल्या ओळखीच्या कोणाचें कसें बिघडलें तें सांगतो. यांत प्रेमच असतें, परंतु पहिले पंधरा दिवस तें प्रेम उंबऱ्याबाहेरून करावें. रुग्णाच्या जागेपुढें एक धुतलेला पडदा लावावा, जवळ जाणाऱ्यानें साबणानें हात धुवावे, सर्दी-खोकला असलेल्यानें येऊं नये. सुश्रुतानें गोड बोलणारीं माणसें जवळ ठेवावयास सांगितलीं, गर्दी करणारीं नव्हे.

टांके निघाले म्हणजे निम्मी वाट संपली. चेहऱ्यावरचे टांके साधारण पांच ते सात दिवसांत काढतात. त्यानंतर खूण लाल, कठीण आणि उंच होते, आणि येथेंच रुग्णाचा धीर सुटतो. आधीं बरें दिसत होतें, आतां बिघडलें, असें त्याला वाटतें. पण व्रणाची ही स्वाभाविक चाल आहे. खूण मऊ आणि फिकट व्हावयास सहा महिने ते दीड वर्ष लागतें. तोंवर सांगितल्याप्रमाणें बोटानें दाबून मालिश करावी, दाबाचें वस्त्र दिलें असल्यास तें नेमानें घालावें, आणि ऊन टाळावें. कोंवळ्या व्रणावर ऊन पडलें कीं तो कायमचा काळवंडतो. उपरणें किंवा पदर यासाठीं उत्तम. भाजलेल्या हाताची वा मानेची शस्त्रक्रिया असेल तर व्यायाम आणि रात्रीची फळी हींच खरीं औषधें. शस्त्रानें सरळ केलेला हात व्यायामावांचून पुन्हां वांकडा होतो, आणि मग दोष शल्यवैद्याच्या माथीं येतो.

राहिलें मन. नवा चेहरा पहिल्यांदा आरशांत पाहणें ही मोठी कसोटी असते. सुजलेला, टांक्यांनीं भरलेला चेहरा पाहून कित्येकजण रडतात, कित्येक कांहीं दिवस बोलत नाहींत. अशा वेळीं 'छान दिसतोस' असें खोटें सांगण्यापेक्षां 'हें अजून पुरें झालेलें नाहीं' हें खरें सांगणें अधिक धीर देतें. ओठ फाटलेल्या मुलास गांवानें जें टोपणनांव दिलेलें असतें तें शस्त्रक्रियेबरोबर जात नाहीं. तें घरच्यांनीं आणि शिक्षकांनीं प्रयत्नपूर्वक मोडावें लागतें. ओठ शल्यवैद्य शिवतो. नांव शिवण्याचें काम गांवाचें.

हें दुःख किती खोल असतें हें पंढरपुरास जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनीं ओळखलें होतें. अमेरिकेंत स्थायिक झालेला हा मराठी शल्यवैद्य १९६८ पासून दरवर्षीं भारतांत येऊन विनामूल्य शिबिरें घेत असे. फाटलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण यांवर हजारो शस्त्रक्रिया त्यांनीं केल्या. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातानें त्यांच्या शरीराची एक बाजू लुळी झाली, पुढें घशाच्या कर्करोगानें आवाज गेला. तरी चाकांच्या खुर्चींत बसून त्यांचे हात चालतच राहिले. २००१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०११ सालीं त्यांचें निधन झालें. मोडलेल्या देहानें दुसऱ्यांचे चेहरे जोडणाऱ्या या माणसास, रुग्णाच्या मनांत काय चालतें हें पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल.

कावसजीनें पंचवीस दिवस धीर धरला म्हणून त्याचें नाक टिकलें आणि जगाच्या वैद्यकास एक नवी वाट सांपडली. त्याच्याजवळ भूल नव्हती, जंतुनाशक औषध नव्हतें, सरकारी योजना नव्हती. एक हातही नव्हता. होता तो कुशल कारागीर, काताच्या पट्ट्या आणि उताणें पडून राहण्याची चिकाटी. आज ज्याला हीं सर्व साधनें उपलब्ध आहेत त्यानें त्यांत फक्त आधींची तयारी आणि नंतरची निगा यांची भर घालावयाची आहे. चेहरा घडविणारे हात रुग्णालयांत मिळतात. तो टिकविणारे हात प्रत्येकाच्या घरींच असतात.